बसस्टँड आणि स्टेशनांवरचं अ‍ॅल्युमिनियमचं छत: गोव्याच्या हवेत खरंच पर्यावरणाला धार्जिणं आहे का?

साळावली

नमस्कार. आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या बसस्टँडचं नूतनीकरण व्हायचं आहे. आराखडा लोकांना बघायला ठेवलाय. त्यात प्रतीक्षालय आणि तिकीट खिडक्यांसमोरचा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या फॉल्स सीलिंगचा दाखवलाय. गावात दोन तट पडलेत. काहींना तो पैशांचा चुराडा वाटतो, तर काही जण ‘ग्रीन’ म्हणून खूश आहेत. सूचना द्यायला पंधरा दिवस हातात आहेत, म्हणून इथे विचारते.

मी बारा वर्षं सीलिंगच्या कामांवर सुपरवायझर आहे. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस), जिप्सम, मिनरल फायबरच्या टाइल्स, धातू, सगळं लावून झालंय आणि त्याहून जास्त उतरवून झालंय. माझं मत अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूचं आहे. ते का बनलं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी एका प्रवासी इमारतीत चवथीच्या आदल्या आठवड्यात पीओपीचा एक मोठा तुकडा खाली आला. बाकावर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं सामान ठेवून एक बाई पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं. वर बघितलं तर स्लॅबमधून झिरपलेलं पाणी महिनाभर पीओपीवर साठत होतं. पीओपी ते पीत राहतं, जड होतं, आतली काथ्याची पकड सुटते आणि एक दिवस ते बसतं. उरलेलं सगळं छत आम्ही पाडलं. सहा टेम्पो भरून चिखल झालेला पांढरा राडा बाहेर गेला. त्यातली मूठभर वस्तूही परत वापरता आली नाही. त्याच जागी पुन्हा तसंच छत बसवायचा आदेश आला आणि सहा-सात वर्षांत आम्ही तेच काम पुन्हा केलं.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उरलेल्या महिन्यांत हवा ओली आणि खारट. जिप्सम बोर्डावरचा कागद म्हणजे बुरशीला आयतं जेवण. अ‍ॅल्युमिनियम पाणी पीत नाही, फुगत नाही, त्याला बुरशी खात नाही. पाऊण मिलिमीटरच्या आतल्या पत्र्याचं पॅनेल चौरस फुटाला पावणेदोनशे ग्रॅम भरतं. जिप्सम बोर्ड त्याच्या चार-पाच पट जड. आणि उतरवलं की पॅनेल म्हणूनच उतरतं. पुसून परत लावा किंवा भंगारात विका. राडा होत नाही.

माझं कुठे चुकतंय का, ते सांगा. सूचना लिहिताना मला खोटं लिहायचं नाही.

तिसवाडीकर

चांगला धागा. एक भाबडा प्रश्न: पावसात डब्यासारखा आवाज होणार नाही का? आमच्या शेडवर पत्रा आहे, आषाढात फोनवर बोलता येत नाही.

साळावली

तो आवाज छपराचा. थेंब थेट पत्र्यावर पडतात. इथे वर स्लॅब किंवा इन्सुलेशन असलेलं छप्पर असतं आणि हे पॅनेल त्याच्या खाली लोंबतं. त्याला थेंब लागत नाही.

कौलारू

साळावली, तुमचा अनुभव सोळा आणे खरा आहे. मी वास्तुरचनेत आहे आणि अशी कोसळलेली छतं मीही पाहिलीत. पण ‘पर्यावरणाला चांगलं’ म्हणायच्या आधी धातू कुठून आला ते विचारायला हवं.

नवं अ‍ॅल्युमिनियम म्हणजे गोठवलेली वीज. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना आणि त्याचं विद्युत विघटन करून धातू. ही पद्धत १८८६ ची, मूळ रसायन आजही तेच. एक किलो धातूला तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. आपल्या देशातले बहुतेक स्मेल्टर स्वतःच्या कोळशाच्या वीजकेंद्रांवर चालतात. कोळशावर काढलेल्या एका टन अ‍ॅल्युमिनियममागे वीस टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता तुमच्या पॅनेलचा हिशोब करा. चौरस मीटरला १.९ किलो. म्हणजे अडतीस किलो कार्बन डायऑक्साइड, यापुढे नुसतं ‘कार्बन’. जिप्सम बोर्डाचं वजन नऊ किलो धरलं आणि किलोमागे अर्धा किलो कार्बन धरला (प्रत्यक्षात त्याहून कमीच असतो), तरी साडेचारच्या वर जात नाही.

तुमचं जिप्समचं छत तीस वर्षांत चार वेळा बदललं तरी अठरा. अडतीस कुठे, अठरा कुठे?

खाणपट्टा

कौलारूंनी बॉक्साइट एका शब्दात उरकलं, म्हणून लिहितो. मी डिचोलीचा. खाण म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगायला नको. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तोपर्यंत ट्रकांची रांग, अंगणातल्या तुळशीवर लाल थर, शेतात उतरलेली माती, हे बघत मोठा झालो. त्या खाणींवर घर चालणारे शेजारीही बघितलेत. त्यामुळे ‘स्वच्छ धातू’ असं कुणी म्हटलं की मला आधी डोंगर दिसतो.

एक टन अ‍ॅल्युमिनियमला साधारण चार टन बॉक्साइट लागतं. त्यातून दोन टन अ‍ॅल्युमिना निघतो आणि जवळपास तेवढाच किंवा अधिक कॉस्टिकचा लाल चिखल मागे उरतो. तो वर्षानुवर्षं तळ्यात साठवावा लागतो. हे दूर कुठे नाही. बेळगावची अ‍ॅल्युमिना रिफायनरी १९६९ पासून चालू आहे आणि तिचं खनिज कोल्हापूरकडच्या सड्यांवरून, म्हणजे खडकाळ पठारांवरून आलं. त्या सड्यांवर श्रावणात जी फुलं येतात ती खडकावरच्या वितीएवढ्या मातीत येतात. तो थर खरवडला की परत बसवता येत नाही.

स्टँडचं छत सुंदर व्हावं असं मलाही वाटतं. पण त्यासाठी नवा डोंगर नको.

साळावली

कौलारू, खाणपट्टा, तुम्ही दोघांनी मला रात्री जागवलं. हिशोब मी स्वतः मांडून बघितला आणि तो बरोबर आहे. मी फक्त राड्याचा विचार करत होते, कारण मला रोज राडाच दिसतो. भट्टी मी कधी पाहिलीच नाही.

पण आता उलट बाजूने मांडते. भंगारातून वितळवून केलेल्या अ‍ॅल्युमिनियमला नव्याच्या फक्त पाच टक्के ऊर्जा लागते, कारण वितळायला ६६० अंश पुरतात, ऑक्सिजनपासून धातू तोडावा लागत नाही. म्हणजे आमच्या चौरस मीटरला सव्वीस युनिटांच्या जागी दीडच्याही आत. कार्बनही टनामागे एक टनाच्या आत येतो. वर पत्रा लाटण्याचं, रंगाचं, वाहतुकीचं मिळवलं तरी पॅनेल जिप्समच्या एका छताच्या आसपास बसतं. आणि जिप्समचं ते चार वेळा भरावं लागणार.

म्हणजे मुद्दा अ‍ॅल्युमिनियम की जिप्सम हा नाहीच. आमचं प्रतीक्षालय दहा हजार चौरस फुटांचं धरलं तर पावणेदोन टन धातू लागेल. तो नवा असेल तर पंचवीस हजार युनिटांच्या जवळपास वीज गेली. भंगारातला असेल तर बाराशे-तेराशे. तेच छत, तोच रंग, खालून बघणाऱ्याला काही फरक कळणार नाही. फरक फक्त खरेदीच्या कागदावर आहे, आणि आराखड्यात त्याबद्दल एक ओळही नाही.

भट्टी

फोंड्याहून. भंगाराचा धंदा वडिलांपासून. इथे बहुतेक वेळा फक्त वाचतो, पण आज लिहितो.

सगळे म्हणतात अ‍ॅल्युमिनियम कितीही वेळा वितळवा. खरं आहे. आजवर जगात निघालेल्या अ‍ॅल्युमिनियमपैकी पाऊण हिस्सा अजून वापरात आहे असं या उद्योगाची जागतिक संस्था सांगते. काट्यावर बसून मलाही ते पटतं, कारण अ‍ॅल्युमिनियम कुणी फेकत नाही. पातेलं असो की खिडकीची चौकट, माझ्याकडे येतंच.

पण येतं कसं, त्यावर पुढचं ठरतं. छताचा पत्रा वेगळ्या मिश्रधातूचा, खिडकीची चौकट वेगळ्या, इंजिनाचं ओतीव वेगळं. सगळं एकत्र आलं की भट्टीवाला त्याचं ओतकामाचं अ‍ॅल्युमिनियम करतो. गाड्यांचे भाग होतात. वाईट नाही, पण पत्र्याचा पुन्हा पत्रा होत नाही, आणि मग पत्र्यासाठी कुणीतरी कुठेतरी नवा धातू काढतो. पत्र्याचा पत्रा व्हायला माल निवडलेला लागतो.

दुसरं, पॅनेलला लोखंडी क्लिप रिव्हेट केलेली, मागे कापड चिकटवलेलं, कडेला सिलिकॉन. असा माल आला की मी भाव पाडतो. मला पाडावाच लागतो, कारण तो साफ करायला माणूस बसवावा लागतो. गेल्या वर्षी एका दुकानाचं छत आलं, सगळं स्क्रूचं, सुटं, स्वच्छ. दोन पोरांनी अर्ध्या दिवसात वेगळं केलं आणि मालकाला चांगला भाव मिळाला.

साळावलीताई, सूचनेत एक लिहा: प्रत्येक पॅनेलच्या मागच्या बाजूला मिश्रधातूचा नंबर ठोकलेला हवा. ३००३ असेल तर ३००३, ५००५ असेल तर ५००५. मी असेन नसेन, पंचवीस वर्षांनी ते उतरवणाऱ्याला वाचता येईल.

कौलारू

भट्टी, तुमचा प्रतिसाद मी माझ्या ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला. आम्ही ‘रिसायकल होतं’ असं लिहून मोकळे होतो. ते प्रत्यक्षात कोण, कुठे बसून, कशाने सोडवतो याचा विचार आमच्या ड्रॉइंगमध्ये नसतो.

तिसवाडीकर

आराखड्यातलं चित्र बघितलं. मला ते आमच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्यांसारखं, त्या चकचकीत एसीपीसारखं वाटलं. तेच का हे?

साळावली

नाही, आणि हा फरक सगळ्यांनी लक्षात ठेवावा. एसीपी म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्यांमध्ये प्लास्टिक. स्वस्त मालात ते साधं पॉलिथिलीन असतं आणि ते पेटतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं गेली, तिथे बाहेरून असंच पॉलिथिलीनच्या गाभ्याचं आवरण होतं. सलग अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पेटत नाही. मोठ्या आगीत तो वितळून खाली येईल, पण आगीला खाद्य देत नाही, विषारी धूर करत नाही.

आणि छताच्या वरच्या पोकळीत काय भरलंय तेही बघायला हवं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ ला वर रस्त्यावर वेल्डिंग चालू होतं. ठिणगी खाली गेली आणि छताच्या पोकळीतलं पॉलिस्टायरिनचं इन्सुलेशन पेटलं. १७ जण मेले. खालचं छत कितीही चांगलं असो, वर थर्माकोल असेल तर काही उपयोग नाही. प्रवासी इमारतीत लोक रस्ता न ओळखणारे असतात, सामान, मुलं बरोबर असतात. धूर झाला तर त्यांना दार सापडत नाही.

एसीपीचं भंगारही भट्टींना विचारा.

भट्टी

एसीपी मी घेत नाही. प्लास्टिक सुटत नाही.

रूळ

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, त्याच्या थोडं आधीपासून निवृत्तीपर्यंत मी स्टेशन इमारतींच्या देखभालीत होतो. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं इथे कुणी स्पष्ट लिहिलं नाही, पण सगळ्यांनी धरून चाललंय. तर ऐका.

लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही हे खरं. त्याच्यावर स्वतःचाच एक पातळ थर येतो आणि तो आतल्या धातूला राखतो. पण खाऱ्या हवेत त्याला साध्या लोखंडी स्क्रूने पकडलं की दोन धातू आणि खारट ओल मिळून बॅटरी तयार होते. झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते, मग भोक मोठं होतं, मग पॅनेल लटकतं. स्क्रू स्टेनलेसचे हवेत आणि मध्ये नायलॉनचा किंवा रबरी वॉशर हवा. चार पैशांच्या वॉशरसाठी पूर्ण ओळ खाली उतरवलेली मी पाहिली आहे.

दुसरं कुणाच्या लक्षात येत नाही. समुद्राजवळ उघड्यावरचा पत्रा टिकतो आणि आडोशाचा आधी खराब होतो. उघड्यावरच्याला पाऊस धुतो. छताखालच्याला मीठ बसतं ते बसतंच, रात्रीच्या दमटपणात ओलं होतं, सकाळी सुकतं, परत ओलं होतं. पावडर कोटिंगखाली कापलेल्या कडेपासून केसासारख्या रेषा धावत जातात. म्हणून किनाऱ्यावरच्या रंगाची हमी देणारे धुण्याची अट घालतात. साधं पाणी, मऊ कापड, पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. कोण धुणार हे आजच ठरवा. शिडी कोण आणणार, तेही.

आणि स्टँड तीन बाजूंनी उघडा असेल तर वाऱ्याचा विचार करा. क्लिपमध्ये नुसती दाबून बसवलेली पॅनेलं जूनच्या पहिल्या वाऱ्यात खालून उचलली जातात. ती अडकवून धरणारी पट्टी लागते. पाकोळ्या, कबुतरं फटी शोधतात. पोकळीत घरटी झाली की पाच वर्षांत वर काय भरतं ते मी सांगत नाही, काढलेलं आहे मी.

स्लॅब गळत असेल तर आधी ती बंद करा. सिमेंटमधून झिरपलेलं पाणी क्षारयुक्त असतं, अ‍ॅल्युमिनियमला ते खातं. छत गळती लपवण्यासाठी लावू नये.

साळावली

रूळकाका, शेवटची ओळ तशीच्या तशी सूचनेत घालते. परवानगी आहे ना?

रूळ

खुशाल घाल.

कानोसा

मला दिसत नाही. स्क्रीन रीडरवर हा धागा पूर्ण ऐकला. छताबद्दल मी बोलायचं म्हणजे मला ते कानाने कळतं.

मडगाव, म्हापसा, पणजी, वास्को, माझा सगळा प्रवास घोषणांवर चालतो. कुठली बस कुठे लागली, गाडी कुठल्या फलाटावर, हे मला पाटीवरून कळत नाही. दगडी फरशी, सपाट भिंती, सपाट काँक्रीटचं छत असलेल्या हॉलमध्ये एक वाक्य चार वेळा आपटून येतं. ‘काणकोण’ आणि ‘कुंकळ्ळी’ यांतला फरकच राहत नाही. मग आवाज वाढवतात. आवाज वाढला की लोक अजून मोठ्याने बोलतात. एकदा मी चुकीच्या बसमध्ये चढून केप्यापर्यंत गेलो होतो.

एका ठिकाणी मात्र कान शांत झाले. नंतर विचारल्यावर कळलं की तिथे छताला बारीक भोकं असलेली धातूची पॅनेलं होती. साळावलीताई, हे कसं होतं ते सांगाल? आणि गोव्याच्या ओलीत टिकेल का?

साळावली

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून वाटलं की ही गोष्ट मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवी होती.

पत्र्याला दीड-दोन मिलिमीटरची भोकं पाडलेली असतात आणि मागे पातळ काळं न विणलेलं कापड असतं. आवाज भोकांतून आत जातो, कापडात आणि वरच्या पोकळीत त्याचा जोर जिरतो. नुसती भोकं पाडून कापड लावलं नाही तर फारसा उपयोग होत नाही. खर्च वाचवायला तेच पहिलं गळतं. काही ठिकाणी मागे मिनरल वूलची गादी टाकतात. आपल्याकडे ती ओल धरते, म्हणून मी पातळ कापड आणि वर मोठी पोकळी एवढ्यावर भागवायच्या मताची आहे. भट्टींच्या सांगण्याप्रमाणे ते कापड ओढून निघेल असं हवं.

पांढऱ्या पॅनेलवर दिवसाचा उजेड परततो, त्याने दिवे उशिरा लावावे लागतात, हेही खरं. पण तुमच्या मुद्द्यापुढे ते लहान.

कौलारू

कानोसा यांच्यासाठी छत हवंच, हे मान्य. पण सगळीकडे हवं का? बस जिथे उभ्या राहतात त्या उघड्या शेडला फॉल्स सीलिंग कशाला? तिथे वरचं छप्पर उंच, हवेशीर, खालून नीट रंगवलेलं पुरे. आपल्या जुन्या घरांत कौलांखाली काही नसायचं आणि गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जायची. न लावलेल्या छताचा कार्बन शून्य.

बांबूही विसरू नका. बंगळूरच्या विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचं छत बांबूच्या पट्ट्यांचं आहे, २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पण तो प्रक्रिया केलेला बांबू, आत वातानुकूलन, देखभालीला मोठी यंत्रणा. तीन बाजूंनी उघड्या तालुक्याच्या स्टँडवर, वाळवी आणि आषाढ दोन्ही असताना, मी तो सुचवणार नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण मला बांबू आवडतो.

खाणपट्टा

भंगारातला धातू आणि फक्त हवं तिथेच छत, असं असेल तर माझी हरकत नाही. पण ‘भंगारातला’ म्हणजे कुठला, हे लिहून घ्या. कारखान्यातच कापताना उरलेल्या तुकड्यांना पुनर्वापर म्हणतात. ते तुकडे कुठेही न वापरलेला नवाच धातू असतो. लोकांनी वापरून टाकलेलं किती, ते वेगळं विचारा.

साळावली

मसुदा तयार आहे. जसा जाणार तसा खाली देते, अजून काही बदल असतील तर आज रात्रीपर्यंत सांगा.

“सीलिंगआधी स्लॅबची गळती बंद करावी. छत गळती लपवण्यासाठी लावू नये. सीलिंग फक्त प्रतीक्षालय आणि तिकीट खिडक्यांच्या भागात करावं, बस उभ्या राहण्याच्या शेडमध्ये नको. पॅनेल सलग अ‍ॅल्युमिनियमची, एसीपी नाही, आणि वरच्या पोकळीत पेटणारं इन्सुलेशन नाही. धातूत भंगाराचा वाटा किती आणि त्यात लोकांनी वापरून टाकलेल्या मालाचा किती, हे पुरवठादाराने लेखी द्यावं आणि निविदा ठरवताना त्याला गुण द्यावेत. पॅनेल हाताने सुटी होणारी, स्टेनलेस स्क्रू आणि वॉशरसह, वाऱ्यासाठी अडकवलेली, मागे मिश्रधातूचा नंबर असलेली. प्रतीक्षालयात भोकांची पॅनेलं कापडासह. वर्षातून दोनदा धुण्याचं काम देखभालीच्या करारात नावानिशी.”

दर वाढेल असं उत्तर येईल हे माहीत आहे. म्हणून जुन्या छताच्या डागडुजीवर आजवर किती वेळा खर्च झाला त्याची माहितीही याच अर्जात मागितली आहे.

रविवारी सकाळी सातला, गर्दी व्हायच्या आत, मी जुन्या स्टँडवर मोजमाप घ्यायला जाते आहे. कुणाला यायचं असेल तर या.

भट्टी

येतो. वजनकाटा आणि तीन-चार जातीचे पत्रे घेऊन येतो, बघून घ्या हातात धरून.

रूळ

मी शिडी आणतो. वरची पोकळी बघितल्याशिवाय काही लिहू नका.

कानोसा

मीही येतो. हॉल रिकामा असताना मला मधोमध उभं करा आणि एक टाळी वाजवा. किती वेळ घुमते ते मी मोजून सांगेन, तेही अर्जात घाला.